पी७२ जुळलं म्हणजे रोग सीमेपलीकडून आला, असं म्हणता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा: पूर्व आफ्रिकेत एका सीमेच्या दोन्ही बाजूंना काही आठवड्यांच्या अंतरानं आफ्रिकन स्वाइन फिव्हरनं डुकरं मेली. दोन्हीकडच्या नमुन्यांत पी७२ जनुकाचा तुकडा १०० टक्के जुळला, जीनोटाइप २ (विषाणूचा जनुकीय गट) निघाला. मग अहवालात ‘शेजारच्या देशातून शिरकाव’ असं लिहावं का? आणि तेवढं पुरेसं नसेल, तर पुढे नेमकं काय तपासावं?

लिहू नये. कारणं खाली आहेत. आधी एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. ‘स्वाइन’ शब्द आला की आपल्याकडे २००९ चं पुणं आणि तोंडावरचे मास्क आठवतात. हा रोग तो नव्हे. स्वाइन फ्लू इन्फ्लुएन्झा विषाणूचा. आफ्रिकन स्वाइन फिव्हर माणसाला होतच नाही. डुकरांच्या ‘क्लासिकल स्वाइन फिव्हर’शीही याचं नावापलीकडे नातं नाही, तो आरएनए विषाणू आहे, तर हा जवळपास १ लाख ७० हजार ते १ लाख ९४ हजार अक्षरांचा (म्हणजे ए, टी, जी, सी या डीएनएच्या घटकांचा) भलामोठा डीएनए विषाणू. केनियात माँटगोमेरी यांनी १९२१ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. गोचिडातून पसरणारा डीएनए विषाणू म्हणून आजवर हा एकच माहीत आहे, आणि हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

आता पी७२ कडे. हे विषाणूच्या कवचाचं प्रथिन, त्याच्या जनुकाचं नाव बी६४६एल. या विषाणूच्या जनुकांची नावं चमत्कारिक वाटली तरी अर्थपूर्ण असतात: आकडा म्हणजे प्रथिनातली अमिनो आम्लं, शेवटचं अक्षर म्हणजे वाचनाची दिशा, डावी की उजवी. या ६४६ अमिनो आम्लांच्या जनुकाच्या शेपटाकडचा ४७८ अक्षरांचा तुकडा पीसीआरनं वाढवायचा, सँगर पद्धतीनं वाचायचा आणि जुन्या नमुन्यांशी ताडायचा. २००३ पासून जीनोटाइप ठरतो तो असा. या हिशेबात २४ जीनोटाइप मोजले गेले. २०२३ मध्ये पूर्ण पी७२ प्रथिनाच्या आधारे फेरमांडणी झाली, तेव्हा खरे गट सहाच भरतात असं दिसलं. म्हणजे २४ पैकी कित्येक ‘जीनोटाइप’ एकाददुसऱ्या अक्षराच्या फरकावर उभे होते. सीमेवरच्या कामात जुने आकडे अजून वापरात आहेत, कारण सगळा जुना साठा त्याच नावांनी लावलेला आहे. पण हे वर्गीकरण विषाणूचं मूळ घराणं सांगतं, त्यानं केलेला प्रवास सांगत नाही.

साधा हिशेब करा. जॉर्जिया देशातल्या २००७ च्या विषाणूच्या संदर्भ जीनोमची (तुलनेसाठी प्रमाण धरलेल्या संपूर्ण जनुकक्रमाची) लांबी १,९०,५८४ अक्षरं. त्यातली ४७८ तुम्ही वाचली. म्हणजे ४०० पानांच्या पुस्तकातलं एक पान, आणि तेही असं पान जे प्रत्येक आवृत्तीत जवळपास तसंच छापलेलं असतं. १९९८ च्या सुमाराचा मादागास्कर, २००७ चा मॉरिशस, २००७ चाच जॉर्जिया, २०१० मधला टांझानियातला क्येला आणि २०२० मधला आपला ईशान्य भारत: या सगळ्यांचा पी७२ तुकडा जीनोटाइप २ मध्येच बसतो. ‘१०० टक्के जुळलं’ हे प्रवासाचा पुरावा मानायचं ठरवलं, तर क्येलाचं डुक्कर आसाममधून आलं असंही सिद्ध करता येईल.

पश्चिम आफ्रिकेत ही अडचण आणखी ठळक दिसते. १९९६ मध्ये आयव्हरी कोस्ट, १९९७ मध्ये बेनिन, टोगो आणि नायजेरिया, १९९९ मध्ये घाना अशी रांग लागली. सगळीकडे जीनोटाइप १. त्या पट्ट्यात २०२० पर्यंत दुसरं काही सापडतच नव्हतं, त्यामुळे पी७२ नं ‘कोणाकडून कोणाकडे’ या प्रश्नावर काहीच सांगितलं नाही. २०२० मध्ये नायजेरियात जीनोटाइप २ मिळाला, तेव्हा मात्र याच तुकड्यानं एका दिवसात मोठी बातमी दिली: हा इथला जुना रहिवासी नाही, बाहेरून आलेला आहे. म्हणजे पी७२ नकार देण्यात पक्का आहे. दोन नमुने वेगळे निघाले तर थेट संबंध जवळजवळ बाद. सारखे निघाले तर काम आता सुरू झालं.

पुढचे तुकडे कोणते? ई१८३एल, म्हणजे पी५४ प्रथिनाचं जनुक, पूर्ण वाचावं. एकाच पी७२ गटातले उपगट ते बऱ्यापैकी फोडतं. त्यानंतर बी६०२एल मधला मध्यवर्ती बदलता भाग. इथे १२-१२ अक्षरांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, प्रत्येक तुकडा चार अमिनो आम्लांचा, आणि त्या चौकड्यांना ए, बी, एन, डी अशी अक्षरं देऊन माळ लिहिली जाते. माळेची लांबी आणि क्रम दोन्ही महत्त्वाचे. केनिया-युगांडा सीमेवरच्या जीनोटाइप ९ च्या विषाणूंत पी७२ आणि पी५४ दोन्ही सारखे असताना या माळेनंच फरक दाखवले. चौथा तुकडा आय७३आर आणि आय३२९एल या जनुकांमधली मोकळी जागा. तिथे दहा अक्षरांची एक पुनरावृत्ती कधी एक जास्त, कधी एक कमी असते. जॉर्जियाहून निघालेल्या साखळीचा माग युरोपात याच एका जादा पुनरावृत्तीनं बराच काळ काढला गेला.

या माळांवर आंधळा विश्वास नको. पुनरावृत्त्या वाढणं-घटणं ही या विषाणूची स्वस्तातली चूक आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन शाखांत तीच माळ स्वतंत्रपणे तयार होऊ शकते. शिवाय पीसीआरचा एन्झाइमही पुनरावृत्तीत घसरतो. म्हणून बी६०२एल नेहमी दोन्ही दिशांनी वाचावं, आणि माळेत एखाद्याच चौकडीचा फरक दिसला तर मूळ नमुन्यातून पीसीआर नव्यानं करून खात्री करावी. जुन्याच पीसीआर उत्पादनाचं पुन्हा वाचन केलं तर जुनीच घसरण परत दिसेल.

आता मूळ प्रश्न. हे चारही तुकडे जुळले तर? तरीही ‘पलीकडून आला’ हे सिद्ध होत नाही, कारण विषाणू फार सावकाश बदलतो. संपूर्ण जीनोममध्ये वर्षाकाठी होणारे बदल हातावर मोजण्याइतके. सीमेच्या दोन्ही बाजूंचे उद्रेक सहा आठवड्यांच्या अंतरानं झाले असतील, तर दोन्ही जीनोम अक्षरशः एकसारखे निघणं अगदी स्वाभाविक आहे. आणि एकसारख्या जीनोममधून दिशा निघत नाही. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, की तिसऱ्याच बाजारातून दोन्हीकडे, तिन्ही शक्यतांत चित्र तेच दिसतं. दिशा ठरवायची तर तिसरा आणि चौथा नमुना लागतो: आधीच्या वर्षीचा, आतल्या भागातला, सीमेपासून दूरच्या बाजाराचा. अ या ठिकाणी एक बदल आहे, ब मध्ये तोच बदल अधिक एक नवा आहे, क मध्ये दोन्ही नाहीत, अशी पायरी सापडली तरच बाण काढता येतो. दोन बिंदूंत रेघ येते, बाण येत नाही.

दक्षिण टांझानियाचं उदाहरण यासाठी उपयोगी आहे. २०१० च्या अखेरीस मलावीच्या सीमेला लागून असलेल्या क्येलात उद्रेक झाला, २०११ मध्ये झांबियाच्या सीमेवरच्या टुंडुमात, पुढे आत इरिंगा आणि दार-ए-सलाम. मोरोगोरोच्या सोकोइने विद्यापीठातल्या गटानं नमुने वाचले, सगळे जीनोटाइप २. त्याआधी २००८ मध्ये दार-ए-सलामला जीनोटाइप १५ सापडला होता आणि देशाच्या उत्तरेकडे जीनोटाइप १०. त्यामुळे इतकं ठामपणे म्हणता आलं की शहरातला नवा उद्रेक जुन्याचं पुनरागमन नव्हे, दक्षिणेकडून महामार्गानं वर सरकलेली वेगळी लाट आहे. पण मलावीतून की झांबियातून, हे त्या तुकड्यांवरून ठरण्यासारखं नव्हतं. रुक्वा भागातल्या २०१७ च्या विषाणूचा संपूर्ण जीनोम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कुठे आफ्रिकेतला जीनोटाइप २ आणि युरोप-आशियातला जीनोटाइप २ टोकाच्या जनुकांसकट शेजारी ठेवून पाहता आले.

संपूर्ण जीनोम म्हटलं की प्रयोगशाळेतली खरी डोकेदुखी सुरू होते, आणि ती विषाणूची नसते, डुकराची असते. डुकराच्या एका पेशीत साधारण ५०० कोटी अक्षरांचा डीएनए. विषाणूच्या एका प्रतीत १ लाख ९० हजार. दोघांची बरोबरी व्हायला पेशीमागे २६ हजारांहून जास्त प्रती हव्यात. म्हणून प्लीहेचा डीएनए सरळ यंत्रात घातला तर बहुतेक पैसा डुकराचा जीनोम वाचण्यात जातो. रिअल-टाइम पीसीआरचं सीटी मूल्य (आकडा जितका कमी तितका नमुन्यात विषाणू जास्त) २० च्या आसपास किंवा खाली असेल तरच असं थेट वाचन परवडतं. २० ते २८ मध्ये एकमेकांवर चढणाऱ्या लांब पीसीआर तुकड्यांची मांडणी करावी, किंवा विषाणूचे तुकडे ओढून घेणारे प्रोब वापरावेत. ३० च्या पुढे संपूर्ण जीनोमचा हट्ट सोडा आणि चार तुकडे सँगरनं नीट वाचा. अर्धवट जीनोमवर काढलेला वंशवृक्ष देखणा दिसतो, पण त्यातल्या रिकाम्या जागाच फांद्या पाडतात.

पेशींत वाढवून घ्यावं का, असं कोणी सुचवेल. डुकराच्या ताज्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशींमध्ये), एकदाच, अतिसुरक्षित प्रयोगशाळा असेल तर हरकत नाही. नेहमीच्या माकडी पेशींत मात्र नको: तिथे रुळताना विषाणू जीनोमच्या टोकाकडची बहुजनुकी कुटुंबं (एकमेकांसारख्या जनुकांचे गट) टाकून देतो, आणि शाखा ओळखायला जे फरक हवेत त्यातले बरेचसे तिथेच असतात.

नॅनोपोरचं छोटं यंत्र आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना सोयीचं ठरलंय, ते लॅपटॉपवर चालतं आणि लांब तुकडे एका दमात वाचतं. त्याची जुनी खोड अशी की एकाच अक्षराची रांग आली, सात-आठ जी किंवा सी लागोपाठ, की मोजणीत चुकतं. आणि या विषाणूत अशा रांगा भरपूर आहेत. म्हणून सलग सहाहून जास्त सारखी अक्षरं असतील त्या जागा तुलनेतून वगळाव्यात, किंवा लहान तुकड्यांच्या दुसऱ्या यंत्रानं तपासाव्यात. प्रत्येक जागेवर किमान २०-३० वाचनं असावीत. संदर्भ जीनोमवर तुकडे बसवून पाहणं जलद पडतं, पण संदर्भात नसलेला भाग त्यात हरवतो. म्हणून संदर्भाविना जुळणीही एकदा करावीच. संदर्भही अचूकच असतो असं धरू नये. जॉर्जिया २००७ चा जीनोम आधी १,८९,३४४ अक्षरांचा नोंदला होता, फेरवाचनानंतर तो १,९०,५८४ झाला. जुन्या आवृत्तीशी ताडून ‘नवे बदल’ मोजणारे अहवाल त्या फरकानं फसले तर नवल नाही.

सगळ्यात जास्त चुका मात्र यंत्रापर्यंत पोचायच्या आधी होतात. नमुन्याचं आधी बघा.

जिवंत, ताप असलेल्या डुकराचं रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या. हेपरिनच्या हिरव्या झाकणाचं नको, हेपरिन पीसीआर अडवतं. सीरम वेगळं घेतलं तरी जनुकक्रमासाठी पूर्ण रक्तच भरवशाचं, कारण हा विषाणू रक्तात बहुतांश तांबड्या पेशींना चिकटून असतो. मेलेल्या डुकराची प्लीहा, लिम्फ ग्रंथी, टॉन्सिल. उन्हात दोन दिवस पडलेल्या शवात लांब हाडातली मज्जा सगळ्यात टिकते. गावात शव उघडणं शक्यतो टाळा. मांडीच्या आतल्या बाजूची वरवरची लिम्फ ग्रंथी छोट्या छेदातून काढता येते आणि रक्त जमिनीवर सांडत नाही. शीत तापमानात ठेवलेल्या रक्तात हा विषाणू दीड वर्षापर्यंत संसर्गक्षम राहतो. तपासणीसाठी आलेल्यानंच तो पुढच्या वस्तीवर नेऊ नये.

बर्फ नसेल तर रक्ताचे थेंब कागदावर वाळवून नेतात, आणि ही पद्धत चांगली आहे. सावलीत दोन तास वाळवा, सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत ठेवा. पण कागदाकागदात फरक आहे. रसायन लावलेल्या एफटीए कार्डावर विषाणू मरतो. साध्या गाळणकागदावर जिवंत राहू शकतो आणि तिथून पुन्हा वाढवताही येतो. साधा कागद खिशात घालून सीमा ओलांडणं म्हणजे आपणच रोगाची वाहतूक करणं. दुसरा मार्ग ग्वानिडीन असलेल्या लायसिस बफरचा, म्हणजे पेशी फोडणाऱ्या द्रावणाचा. त्यात विषाणू निकामी होतो, मात्र त्या बफरवर ब्लीच ओतू नका, विषारी वायू निघतो. विमानानं पाठवायचं असेल तर या रोगाचा वाढवलेला विषाणू यूएन २९०० या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली जातो, साधे निदान-नमुने यूएन ३३७३ खाली. पेटीवर चुकीचं लेबल लागलं की ती विमानतळावर अडते, आणि तोवर आतलं रक्त सडतं.

मग ठिकाणाची नोंद. डुक्कर जिथे मेलं ते गाव आणि जिथून विकत घेतलं ते गाव, दोन्ही लिहा. कत्तलखान्यातून घेतलेला नमुना नकाशावर शहराच्या नावानं बसतो. कम्पालाच्या कत्तलखान्यांत चारही दिशांनी डुकरं येतात. तिथला विषाणू ‘कम्पाला’ म्हणून नोंदवला की पुढच्या प्रत्येक वंशवृक्षात कम्पाला उगमस्थान दिसायला लागतं. तारीखही पहिल्या मृत्यूची हवी, सरकारी कळवण्याची नव्हे. संसर्ग ते लक्षणं हा काळ ४ ते १९ दिवसांचा. पहिल्या मृत्यूपासून मागे तेवढे दिवस मोजा आणि त्या खिडकीत कोण आलं-गेलं ते विचारा.

काय विचाराल? नुसतं ‘सीमेपलीकडून डुक्कर आणलं का’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येणार, चोरटा व्यापार कोण कबूल करेल. त्यापेक्षा विचारा: डुकरीण माजावर आली तेव्हा नर कुठून आणला? खाटीक दोर आणि सुरी घेऊन शेवटचा कधी आला, त्याआधी कुठल्या घरी गेला होता? हॉटेलचं उष्टं कुठून येतं? कोणी घाईनं, पडेल भावात डुकरं विकली का? हा शेवटचा प्रश्न सोन्याचा. शेजारी मरतुक पसरली की लोक आपली डुकरं मरायच्या आधी विकून मोकळे होतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, नुकसानभरपाई नसेल तर कोणीही हेच करील. पण रोगाचा लांबचा पल्ला याच विक्रीतून गाठला जातो. बुसियासारख्या गावात तर सीमा गावाच्या मधूनच जाते. नातलग दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. केनिया आणि युगांडातला जीनोटाइप ९ इतका सारखा का, याचं उत्तर बाजाराच्या वारात आहे.

गोचिडाकडे वळू. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत वॉर्टहॉग नावाचं रानडुक्कर आणि त्याच्या बिळात राहणारी ऑर्निथोडोरोस जातीची मऊ गोचीड यांच्यात हा विषाणू माणसांच्या सीमांच्या कितीतरी आधीपासून फिरतोय. बिळातल्या पिल्लांना गोचीड चावते, त्यांच्या रक्तात दोन-तीन आठवडे विषाणू भरपूर असतो, मग पुढची गोचीड तो उचलते. मोठं वॉर्टहॉग स्वतः आजारी पडत नाही आणि पाळीव डुकराला थेट देतही नाही. याचा अर्थ असा की सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच अभयारण्याचा पट्टा असेल, तर कोणीही काहीही न नेता तोच जीनोटाइप दोन्हीकडे वेगवेगळा उगवू शकतो. मात्र जंगलातून सुटे सुटे आलेले विषाणू एकमेकांपासून बरेच लांब असतात, आणि व्यापारातून पसरलेले जवळजवळ एकसारखे. दहा गावांत दहा वेगळ्या माळा दिसल्या तर गोचिडांची बिळं शोधा. दहा गावांत एकच माळ दिसली तर ट्रक आणि सायकली शोधा. मलावी आणि पूर्व झांबियातला जीनोटाइप ८ दुसऱ्या प्रकारचा, पाळीव डुकरांतच वर्षानुवर्षं फिरणारा.

दोन सापळे सहज निसटतात. पहिला, पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालतेय हे पडताळायला ठेवलेला ओळखीचा विषाणू. कंट्रोल म्हणून ठेवलेला विषाणू आणि भागात फिरणारा विषाणू एकाच जीनोटाइपचे असतील, तर कंट्रोल नमुन्यात मिसळला तरी कोणाला पत्ता लागत नाही, उलट ‘सगळं छान जुळलं’ असा आनंद होतो. कंट्रोल मुद्दाम त्या भागात न आढळणाऱ्या जीनोटाइपचा ठेवा. दुसरा सापळा मिश्र संसर्गाचा. सँगरच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर संगणकानं मोठं उचललं म्हणून धाकटं पुसू नका. चीनमध्ये जीनोटाइप १ आणि २ यांचा संकर सापडला, २०२३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याचा पी७२ जीनोटाइप १ चा आहे आणि पृष्ठभागावरच्या सीडी२व्ही प्रथिनाचं जनुक जीनोटाइप २ चं. नुसत्या पी७२ वर तो जुना, ओळखीचा जीनोटाइप १ म्हणून सुटेल. नायजेरियात आता दोन्ही जीनोटाइप आहेत. तिथे पी७२ बरोबर ईपी४०२आर हे सीडी२व्हीचं जनुक न वाचणं मला निष्काळजीपणा वाटतो.

भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले गेले आणि जीनोटाइप २ ठरला. ‘आफ्रिकेतून आला’ असं तेव्हा बरंच बोललं गेलं. आग्नेय आफ्रिकेतून निघालेलं हे घराणं २००७ मध्ये जॉर्जियात उतरलं आणि २०१८ मध्ये चीनमध्ये दिसलं. घराणं आफ्रिकेतलं, पण मधले मुक्काम आशियातले. तोच पी७२ वाला घोटाळा.

तर अहवालात काय लिहावं? असं: ‘दोन्ही नमुने पी७२, पी५४, बी६०२एल आणि आय७३आर-आय३२९एल या चार भागांत एकसारखे आहेत. त्यामुळे दोन्ही उद्रेक एकाच नजीकच्या साखळीतले असण्याशी हे निष्कर्ष सुसंगत आहेत. दिशा यावरून ठरत नाही.’ त्याखाली पहिल्या मृत्यूंच्या तारखा, डुकरांची खरेदीची गावं आणि खाटकाच्या फेऱ्या. चारपैकी एकही भाग वाचायचा राहिला असेल तर तोही नावानिशी लिहा. आणि शेजारच्या देशातल्या प्रयोगशाळेला कच्ची वाचनं पाठवून त्यांची मागा. त्यांच्या फ्रीजरमध्ये मागच्या वर्षीचा एखादा नमुना असेल, तर तुम्हाला हवा असलेला तिसरा बिंदू बहुधा तोच आहे.